कृत्रिम खुबा व गुडघा सांध्यांची परिणामकारकता आणि खर्च

कृत्रिम खुबा व गुडघा सांधे (प्रचलित शब्द: इम्प्लांट) म्हणजे झिजलेल्या, मोडलेल्या किंवा रोगग्रस्त सांध्याचे पृष्ठभाग काढून त्यांच्या जागी बसवले जाणारे धातू, प्लास्टिक अथवा सिरॅमिकचे घटक. ते बसवण्याच्या शस्त्रक्रियेला सांधेरोपण किंवा सांधेबदल शस्त्रक्रिया म्हणतात. वेदना कमी करणे आणि चालण्याची क्षमता परत मिळवून देणे या दोन्ही बाबतींत ही शस्त्रक्रिया विसाव्या शतकातील सर्वाधिक यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक मानली जाते. बाजारात उपलब्ध असलेल्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींत मात्र मोठी तफावत असते. महाग किंवा नवा सांधा अधिक काळ टिकतो का, हा प्रश्न रुग्ण, शल्यचिकित्सक, विमा कंपन्या आणि शासन या सर्वांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अनेक देशांतील नोंदवह्या आणि चिकित्सालयीन चाचण्यांवरून असे दिसते की किंमत आणि टिकाऊपणा यांचा थेट संबंध नाही. काही सुधारणांमुळे पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण खरोखर घटले, काहींमुळे फरक पडला नाही आणि काहींमुळे रुग्णांचे गंभीर नुकसान झाले.

## रचना आणि घटक

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटिबंधाच्या खोबणीत फिरते. संपूर्ण खुबा सांधेरोपणात मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात, त्यावर गोल डोके जोडतात आणि खोबणीत वाटीच्या आकाराचा घटक बसवतात. डोके आणि वाटीचा आतला पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. या जोडीला घर्षण-जोडी म्हणता येईल. डोके धातूचे किंवा सिरॅमिकचे असते, तर वाटीचे अस्तर पॉलिएथिलीन, सिरॅमिक किंवा धातूचे असते.

गुडघ्याचा सांधा ढोबळमानाने बिजागरीच्या सांध्यासारखा असला तरी वाकताना त्यात घसरण आणि थोडे वळणही घडते. संपूर्ण गुडघा सांधेरोपणात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर धातूचे आवरण, नडगीच्या वरच्या टोकावर धातूची तबकडी आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीनची गादी बसवतात. काही रुग्णांमध्ये गुडघ्याच्या वाटीच्या मागील बाजूसही पॉलिएथिलीनचा घटक लावला जातो. झीज सांध्याच्या एकाच भागात असल्यास तेवढाच भाग बदलण्याला आंशिक गुडघा सांधेरोपण म्हणतात.

हे घटक हाडाला दोन प्रकारे जोडले जातात. पहिल्या पद्धतीत पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट या पदार्थाचे सिमेंट वापरतात. दुसऱ्या, सिमेंटविरहित पद्धतीत घटकाचा पृष्ठभाग खडबडीत किंवा सच्छिद्र ठेवलेला असतो आणि हाड त्यात वाढून पकड घेते. खुब्याचा दांडा सिमेंटने आणि वाटी सिमेंटशिवाय बसवण्याच्या पद्धतीला संमिश्र पद्धती म्हणतात.

## इतिहास

जर्मन शल्यचिकित्सक थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९०च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले होते. १९३८ मध्ये फिलिप वाइल्स यांनी लंडनमध्ये पोलादी घटकांचा संपूर्ण कृत्रिम खुबा वापरला. पुढील दोन दशकांत ॲक्रिलिकची डोकी आणि धातूवर धातू घासणारे सांधे वापरात आले, परंतु ते सैल होण्याचे प्रमाण मोठे होते.

आधुनिक खुबा सांधेरोपणाचा पाया इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयाचे जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी आरंभी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९६२ मध्ये चार्नली यांनी टेफ्लॉनऐवजी अतिघन पॉलिएथिलीन वापरले. सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचे लहान धातूचे डोके, पॉलिएथिलीनची वाटी आणि सिमेंट या त्यांच्या रचनेच्या दीर्घकालीन नोंदी उपलब्ध आहेत. त्यामुळे नंतरच्या अनेक सांध्यांची तुलना याच रचनेशी केली गेली.

गुडघ्यासाठी प्रथम बिजागरीसारखे जोडलेले सांधे वापरले गेले. गुडघ्याची नैसर्गिक हालचाल त्यांत बसत नसल्याने ते लवकर सैल होत. राइटिंग्टन येथेच काम केलेले फ्रँक गन्स्टन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस बिजागरी नसलेला गुडघा तयार केला. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली रचना आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांची पूर्वज समजली जाते.

लहान वाटणारा बदलही किती परिणाम घडवू शकतो, याचे उदाहरण एक्सेटर दांडा हे आहे. इंग्लंडमधील रॉबिन लिंग आणि अभियंते क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये वापरात आणलेला हा दांडा मुळात गुळगुळीत होता. १९७६ पासून त्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत करण्यात आला, आकार मात्र तोच राहिला. खरखरीत दांडे सैल होण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसल्यावर १९८६ मध्ये पुन्हा गुळगुळीत दांडा वापरला जाऊ लागला. हा दांडा पुढे जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सिमेंट दांड्यांपैकी एक ठरला.

## परिणामकारकता मोजण्याच्या पद्धती

### पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण

सांध्याचा एखादा घटक काढावा किंवा बदलावा लागला, तर त्यास पुनर्शस्त्रक्रिया म्हणतात. घटक सैल होणे, पॉलिएथिलीनची झीज, जंतुसंसर्ग, सांधा निखळणे आणि आसपासचे हाड मोडणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. पहिल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत पुनर्शस्त्रक्रिया अधिक अवघड आणि अधिक खर्चिक असते. तिच्यानंतर मिळणारा आराम सहसा कमी असतो. त्यामुळे ठरावीक वर्षांनंतर किती टक्के सांधे मूळ जागी टिकून आहेत, हा तुलनेचा मुख्य निकष मानला जातो.

### राष्ट्रीय नोंदवह्या

कृत्रिम सांधा बिघडायला अनेक वर्षे लागत असल्याने एका रुग्णालयाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढणे कठीण असते. स्वीडनमध्ये १९७५ साली गुडघ्यासाठी आणि १९७९ साली खुब्यासाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. त्यानंतर फिनलंड, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांनी नोंदवह्या सुरू केल्या. नॉर्वेतील नोंदवहीमुळे बोनलॉक नावाच्या नव्या हाडाच्या सिमेंटमुळे सांधे लवकर सैल होत असल्याचे लक्षात आले आणि १९९५ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले.

इंग्लंड व वेल्समधील नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीने एप्रिल २००३ पासून नोंदी घेण्यास सुरुवात केली. तिच्या स्थापनेमागे कॅपिटल हिप या सांध्याचा अनुभव होता. चार्नली सांध्याशी साम्य असलेला हा स्वस्त सांधा ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आला. तो अपेक्षेपेक्षा लवकर सैल होऊ लागल्याने १९९८ मध्ये धोक्याची सूचना काढण्यात आली. तोवर तो सुमारे ४,७०० रुग्णांना बसवला गेला होता. कोणत्या रुग्णाला कोणता सांधा बसवला याची एकत्रित नोंद नसल्यामुळे या रुग्णांचा शोध घेणे अवघड गेले. बाह्य साम्यावरून टिकाऊपणाचे अनुमान करता येत नाही, हेही या प्रकरणातून दिसून आले.

### मानके आणि रुग्णांचे स्वतःचे मूल्यमापन

ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २००० मध्ये असा निकष ठरवला की खुब्याच्या सांध्यात दहा वर्षांत पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण १० टक्के किंवा त्याहून कमी असावे. २०१४ मध्ये तो ५ टक्के इतका कडक करण्यात आला. प्रत्येक सांध्यामागील पुराव्याच्या कालावधीनुसार आणि दर्जानुसार त्याला श्रेणी देण्याची व्यवस्थाही तेथे आहे.

सांधा जागेवर टिकला तरी रुग्ण समाधानी असेलच असे नाही. म्हणून रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्या वापरल्या जातात. ऑक्सफर्ड गुणांकनात खुब्यासाठी आणि गुडघ्यासाठी प्रत्येकी १२ प्रश्न असून एकूण गुण ० ते ४८ असतात. गुडघा सांधेरोपणानंतर सुमारे पाचपैकी एक रुग्ण पूर्ण समाधानी नसल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. खुब्याच्या बाबतीत असमाधानाचे प्रमाण यापेक्षा कमी असते.

### खर्च-परिणामकारकता

आरोग्य अर्थशास्त्रात खर्चाची तुलना गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्षांशी केली जाते. पूर्ण निरोगी अवस्थेतील एक वर्ष म्हणजे असे एक आयुर्वर्ष होय. वेदनेत किंवा अपंगत्वात गेलेल्या वर्षाचे मूल्य त्याहून कमी धरले जाते. महाग सांध्यामुळे किती जादा आयुर्वर्षे मिळतात आणि त्यातील प्रत्येकासाठी किती जादा खर्च होतो, हे पाहून तो सांधा किफायतशीर आहे की नाही हे ठरवले जाते. नाइस संस्था यासाठी दीर्घकाळ साधारणतः २० ते ३० हजार पौंडांची मर्यादा वापरत होती.

## खुब्याच्या सांध्यांची तुलना

### सिमेंट आणि सिमेंटविरहित सांधे

सिमेंटने बसवलेले सांधे सहसा स्वस्त असतात. सिमेंटविरहित सांध्यांच्या विशेष पृष्ठभागामुळे त्यांची निर्मिती महाग पडते. तरीही अनेक देशांत सिमेंटविरहित सांध्यांचा वापर वाढत गेला. वृद्ध रुग्णांमध्ये, विशेषतः ठिसूळ हाडे असलेल्या स्त्रियांमध्ये, सिमेंटविरहित दांड्याभोवती हाड मोडण्याचा धोका अधिक असतो. तरुण रुग्णांमध्ये मात्र सिमेंटविरहित सांध्यांचे परिणाम चांगले आहेत.

इंग्लंडमधील ३० हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर आधारित एक विश्लेषण २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सिमेंटचे सांधे सर्वांत कमी खर्चाचे आणि बहुतेक रुग्णगटांत संमिश्र सांधे सर्वांत किफायतशीर ठरले. सिमेंटविरहित सांध्यांमुळे झालेली आरोग्यसुधारणा त्यांच्या वाढीव खर्चाचे समर्थन करण्याइतकी नव्हती.

खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांमध्ये अनेकदा केवळ डोक्याचा भाग बदलला जातो. साठ वर्षांवरील १,२२५ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सिमेंट वापरलेल्या रुग्णांचे जीवनमान किंचित चांगले राहिले. कृत्रिम घटकाभोवती हाड मोडण्याचे प्रमाण सिमेंटच्या गटात ०.५ टक्के, तर सिमेंटविरहित गटात २.१ टक्के होते. म्हणजेच या रुग्णगटात सहसा स्वस्त पडणारा पर्यायच अधिक सुरक्षित ठरला.

### घर्षण-जोडी

पॉलिएथिलीनचे सूक्ष्म कण सुटले की शरीराच्या प्रतिक्रियेमुळे भोवतालचे हाड विरघळू लागते आणि सांधा सैल होतो. त्यामुळे झीज कमी करणे हे संशोधकांचे मुख्य उद्दिष्ट राहिले आहे.

या क्षेत्रातील सर्वांत यशस्वी सुधारणा म्हणजे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले आडजोडयुक्त पॉलिएथिलीन. किरणोत्साराच्या साहाय्याने या प्लास्टिकच्या रेणुसाखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि झीज बरीच घटते. ऑस्ट्रेलियातील नोंदवहीत दीर्घकाळानंतर या प्रकारात पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण जुन्या पॉलिएथिलीनच्या निम्म्याच्या आसपास आढळले आहे. मूळ साहित्यात केलेल्या तुलनेने साध्या बदलाने मोठा लाभ झाल्याचे हे उदाहरण आहे.

सिरॅमिकची डोकी १९७० मध्ये फ्रान्समध्ये पिएर बुतँ यांनी प्रथम वापरली. सिरॅमिकवर सिरॅमिक या जोडीत झीज अत्यल्प असते. मात्र ती महाग असून क्वचित घटक फुटण्याचा आणि हालचालीत कुरकुर आवाज येण्याचा दोष तिच्यात आढळतो. सिरॅमिकचे डोके आणि आडजोडयुक्त पॉलिएथिलीनची वाटी ही जोडी आता मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

### धातूवर धातू

२०००च्या दशकात मोठ्या आकाराच्या, धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांचा प्रसार झाला. झीज कमी होईल, मोठ्या डोक्यामुळे सांधा निखळणार नाही आणि तरुण रुग्ण अधिक सक्रिय राहू शकतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण आणि आयन सुटून काही रुग्णांच्या सांध्याभोवतीच्या ऊती नष्ट झाल्या, तर काहींमध्ये गाठीसारखी वाढ झाली. इंग्लंड व वेल्सच्या नोंदवहीवर आधारित २०१२ च्या ‘लॅन्सेट’मधील अभ्यासात दांडा असलेल्या अशा सांध्यांमध्ये पाच वर्षांत पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण ६.२ टक्के आढळले. डोक्याचा व्यास वाढत जाईल तसा धोकाही वाढत असल्याचे त्यात दिसले. म्हणजेच जे वैशिष्ट्य गुण म्हणून मांडले गेले होते, तेच या प्रकारात दोष ठरले.

## एएसआर प्रकरण

धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांपैकी सर्वाधिक चर्चा एएसआर या सांध्याची झाली. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीचा हा सांधा २००३ मध्ये युरोपात उपलब्ध झाला. त्याची वाटी उथळ असल्यामुळे ती किंचित तिरकी बसली तरी डोके वाटीच्या कडेवर घासत असे आणि धातूचे कण मोठ्या प्रमाणावर सुटत. ऑस्ट्रेलियातील नोंदवहीत या सांध्याचे पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे प्रथम स्पष्ट झाले. इंग्लंड व वेल्सच्या आकडेवारीनुसार पाच वर्षांत ते सुमारे १२ ते १३ टक्के होते. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून परत मागवला. तोवर तो सुमारे ९३,००० रुग्णांना बसवण्यात आला होता.

भारतात या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि बाधितांमध्ये मुंबईतील रुग्णांचाही समावेश होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये या संदर्भात मुंबईत पोलिसांकडे तक्रार दाखल केली. केंद्र शासनाने २०१७ मध्ये डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने बाधित रुग्णांना किमान २० लाख रुपये भरपाई देण्याची शिफारस केली. पुढे वय आणि अपंगत्व यांवर आधारित सूत्रानुसार ही रक्कम ३० लाख ते १.२३ कोटी रुपयांपर्यंत ठरवण्यात आली. कंपनीने त्यास न्यायालयात आव्हान दिले. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातील सुनावणीत तिने पडताळणी झालेल्या रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दाखवली.

ज्या देशांत प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद होत होती, तेथे दोष तुलनेने लवकर उघड झाला आणि रुग्णांशी संपर्क साधता आला. भारतात अशी सक्तीची राष्ट्रीय नोंद नसल्याने अनेक रुग्णांचा ठावठिकाणा मिळाला नाही. या प्रकरणानंतर नव्या सांध्यांच्या परवान्यासाठी आवश्यक पुरावा, रुग्णांची नोंद आणि भरपाईची कायदेशीर तरतूद या तीन मुद्द्यांवर भारतात सार्वजनिक चर्चा झाली. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले.

## गुडघ्याच्या सांध्यांची तुलना

### धातूचा प्रकार

बहुतेक कृत्रिम गुडघ्यांत मांडीच्या हाडावरील आवरण कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे असते. ऑक्सिडीकृत झिर्कोनियमचे आवरण अधिक कठीण व गुळगुळीत असल्याने पॉलिएथिलीनची झीज कमी होईल, असा तर्क मांडला गेला. ऑस्ट्रेलियातील नोंदवहीतून एकाच रचनेच्या १७,५७७ गुडघ्यांची बारा वर्षांपर्यंतची तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत झिर्कोनियमच्या आवरणामुळे पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. धातूची खरी ॲलर्जी असलेल्या मोजक्या रुग्णांसाठी असे पर्याय विचारात घेतले जातात.

### संपूर्ण आणि आंशिक सांधेरोपण

नोंदवह्यांनुसार आंशिक सांध्याची पुनर्शस्त्रक्रिया संपूर्ण सांध्यापेक्षा अधिक वेळा होते. दुसरीकडे, आंशिक शस्त्रक्रिया लहान असते आणि रुग्ण लवकर बरा होतो. ब्रिटनमधील २७ केंद्रांत ५२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील रुग्णांना मिळालेला लाभ जवळपास सारखा होता. आंशिक शस्त्रक्रियेचा खर्च मात्र कमी होता. झीज केवळ आतल्या बाजूला असेल आणि शल्यचिकित्सकास या शस्त्रक्रियेचा पुरेसा अनुभव असेल, तर आंशिक सांधेरोपण अधिक किफायतशीर ठरते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

### रचनेतील इतर फरक

मागील क्रूसाकार अस्थिबंध राखणाऱ्या आणि तो काढून टाकणाऱ्या रचनांमध्ये रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आढळलेला नाही. पॉलिएथिलीनची गादी स्थिर असावी की फिरती, या प्रश्नाचेही उत्तर तसेच आहे. ब्रिटनमध्ये २,३५२ रुग्णांवर झालेल्या दीर्घकालीन चाचणीत फिरत्या गादीचा लक्षणीय लाभ दिसला नाही. त्याच चाचणीत गुडघ्याच्या वाटीला घटक लावणे खर्चाच्या मानाने फायद्याचे असल्याचे दिसून आले.

### अधिक वाकणारे गुडघे

आशियाई देशांत मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची सवय असल्याने अधिक वाकणाऱ्या गुडघ्यांची मोठी जाहिरात झाली. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांत असे गुडघे आणि नेहमीचे गुडघे यांच्या वाकण्यात रुग्णाला जाणवेल इतका फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे बऱ्याच अंशी तो शस्त्रक्रियेपूर्वी किती वाकत होता यावर अवलंबून असते. दक्षिण कोरियातील २००७ च्या एका अभ्यासात अधिक वाकणारे गुडघे बसवलेल्या आणि उकिडवे बसणाऱ्या रुग्णांमध्ये मांडीच्या हाडावरील घटक लवकर सैल झाल्याचे आढळले.

## टिकाऊपणा आणि वय

ऑस्ट्रेलिया व फिनलंडच्या नोंदवह्यांवर आधारित दोन अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील अंदाजानुसार मूळ जागी टिकून राहणाऱ्या सांध्यांचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे :

* संपूर्ण खुबा : १५ वर्षांनी ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के, २५ वर्षांनी ५८ टक्के
* संपूर्ण गुडघा : १५ वर्षांनी ९३ टक्के, २० वर्षांनी ९० टक्के, २५ वर्षांनी ८२ टक्के
* आंशिक गुडघा : १५ वर्षांनी ७७ टक्के, २० वर्षांनी ७२ टक्के, २५ वर्षांनी ७० टक्के

पंचवीस वर्षांचे आकडे त्या काळात उपलब्ध असलेल्या सांध्यांचे आहेत. आडजोडयुक्त पॉलिएथिलीनसारख्या सुधारणांचा पूर्ण परिणाम त्यांत दिसत नाही.

रुग्णाचे वय हा या तुलनेतील कळीचा घटक आहे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासानुसार सत्तरीनंतर सांधेरोपण केलेल्या रुग्णांना उर्वरित आयुष्यात पुनर्शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे जादा टिकाऊपणासाठी जादा किंमत मोजण्याचा लाभ तरुण रुग्णांना अधिक आणि वृद्ध रुग्णांना नगण्य असू शकतो.

## खर्च

### खर्चाचे घटक

सांधेरोपणाच्या एकूण खर्चात कृत्रिम सांध्याची किंमत, शस्त्रक्रियागृहाचा व भूलतज्ज्ञांचा खर्च, शल्यचिकित्सकांचे शुल्क, रुग्णालयातील मुक्काम, औषधे आणि भौतिकोपचार यांचा समावेश होतो. दीर्घकालीन हिशेबात संभाव्य पुनर्शस्त्रक्रियेचा खर्चही धरावा लागतो.

महाग सांधा आर्थिकदृष्ट्या परवडतो का, हे एका काल्पनिक उदाहरणावरून समजू शकते. पुनर्शस्त्रक्रियेचा खर्च ४ लाख रुपये आहे आणि महाग सांध्यामुळे तिची शक्यता दोन टक्क्यांनी कमी होते, असे मानू. शंभर रुग्णांमागे दोन पुनर्शस्त्रक्रिया, म्हणजे ८ लाख रुपये वाचतील. प्रत्येक रुग्णामागे ही बचत ८,००० रुपये होते. सांध्याची जादा किंमत याहून कमी असेल तर तो स्वतःचा खर्च भरून काढतो. ती ५०,००० रुपये असेल, तर केवळ खर्चाच्या आधारे तिचे समर्थन करता येत नाही. टळलेल्या वेदनेचे मूल्य त्यात वेगळे मिळवावे लागते. टिकाऊपणातील फरक सिद्धच झालेला नसेल, तर बचतीचा हिशेब शून्यावर येतो.

कृत्रिम सांध्यांची किंमत ती निवडणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. अमेरिकेतील सात शिक्षण रुग्णालयांतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नेहमीच्या वापरातील उपकरणांच्या किमतीचा अंदाज केवळ २१ टक्के वेळा बरोबर ठरला.

### भारतातील किंमत नियंत्रण

राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांसाठी कमाल किमती जाहीर केल्या. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ मधील परिच्छेद १९ चा त्यासाठी आधार घेण्यात आला. सांधा रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत त्यावर सरासरी ३१३ टक्के व्यापारी नफा आकारला जात असल्याचे प्राधिकरणाने त्या वेळी म्हटले होते. पूर्वीची सरासरी छापील किंमत आणि निश्चित केलेली कमाल किंमत (वस्तू व सेवा कर वगळून) पुढीलप्रमाणे होती :

* कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा : १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपये
* टायटॅनियम, ऑक्सिडीकृत झिर्कोनियम इत्यादी विशेष धातूंचा गुडघा : २,४९,२५१ रुपयांवरून ७६,६०० रुपये
* अधिक वाकणारा गुडघा : १,८१,७२८ रुपयांवरून ५६,४९० रुपये
* पुनर्शस्त्रक्रियेचा गुडघा : २,७६,८६९ रुपयांवरून १,१३,९५० रुपये

या निर्णयामुळे रुग्णांची वर्षाला सुमारे १,५०० कोटी रुपयांची बचत होईल, असा शासनाचा अंदाज होता. पुढील आदेशांद्वारे या नियंत्रणाला मुदतवाढ देण्यात आली. २०१७ च्या आदेशात खुब्याच्या सांध्यांचा समावेश नव्हता.

विशेष धातूच्या गुडघ्याची कमाल किंमत कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यापेक्षा ४० टक्क्यांनी जास्त ठेवण्यात आली. ही वर्गवारी साहित्य आणि रचनेनुसार आहे. त्या सांध्याच्या टिकाऊपणाचा पुरावा तीत विचारात घेतलेला नाही. नियंत्रण केवळ सांध्याच्या किमतीवर असल्याने शस्त्रक्रियेच्या एकूण देयकातील इतर शुल्कांना ते लागू होत नाही. त्यामुळे सांध्याची किंमत जितकी घटली त्या प्रमाणात एकूण देयक घटेलच असे नसते. आयुष्मान भारत योजनेसारख्या शासकीय योजनांत मात्र संपूर्ण उपचारासाठी एकत्रित दर ठरवलेला असतो.

## तुलनेच्या मर्यादा

नोंदवह्यांतील आकड्यांचा अर्थ लावताना काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. सिमेंटविरहित सांधे बहुधा तरुण व सक्रिय रुग्णांना बसवले जातात. त्यामुळे वय आणि आजार यांचा विचार न करता केलेली तुलना दिशाभूल करू शकते. पुनर्शस्त्रक्रिया झाली नाही याचा अर्थ सांधा उत्तम आहे असाही होत नाही. प्रकृती नाजूक असल्याने किंवा खर्च परवडत नसल्याने ती टाळली गेलेली असू शकते. आंशिक गुडघ्याची पुनर्शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असल्याने ती लवकर सुचवली जाते, असाही एक मतप्रवाह आहे.

शल्यचिकित्सकाचा अनुभव आणि रुग्णालयातील जंतुसंसर्ग प्रतिबंध यांचाही परिणामांवर मोठा प्रभाव पडतो. चांगला सांधा चुकीच्या कोनात बसवल्यास लवकर निकामी होतो. शिवाय दीर्घकालीन पुरावा नेहमी जुन्या सांध्यांबद्दलच उपलब्ध असतो. नव्या सांध्याची पंधरा वर्षांची कामगिरी कळायला पंधरा वर्षे लागतात. म्हणून क्ष-किरणांच्या साहाय्याने घटकांची मिलिमीटरच्या अंशाइतकी हालचाल मोजण्याची पद्धत नव्या सांध्यांच्या प्राथमिक चाचणीसाठी वापरली जाते. पहिल्या दोन वर्षांत सरकत राहणारा घटक पुढे सैल होण्याची शक्यता अधिक असते.

भारतीय रुग्णांची शरीरयष्टी, बसण्याच्या सवयी आणि शस्त्रक्रियेच्या वेळी आजाराची तीव्रता युरोपीय रुग्णांपेक्षा वेगळी असते. त्यामुळे तेथील निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू होतीलच असे नाही. हिप व नी शल्यचिकित्सकांच्या भारतीय संघटनेने नोंदवही सुरू केली असली तरी तीत माहिती देणे ऐच्छिक आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या सांध्यांची, विशेषतः देशांतर्गत उत्पादकांच्या स्वस्त सांध्यांची, विश्वासार्ह तुलना होण्यासाठी सर्व शस्त्रक्रियांची नोंद आणि दीर्घकालीन पाठपुरावा आवश्यक मानला जातो.

## हे सुद्धा पहा

* अस्थिशल्यचिकित्सा
* संधिवात
* गुडघा
* आरोग्य अर्थशास्त्र
* राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण